फ्यूज शाबूत, तरी धूर का निघतो?

जुनी मालवाहू गाडी दारात असली की आपण इंजिनाचे तेल बघतो, टायर बघतो, पाट्यांचे आवाज ऐकतो. डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या डबीकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. एक दिवा लागला नाही की दोन चापट्या मारायच्या, लागला की चालू पडायचे! पण शेतकरी बंधूंनो, चापटीने लागणारा दिवा ही धोक्याची सूचना आहे. उसाच्या हंगामात रात्री भरलेली गाडी रस्त्यावर असते. तेव्हा मागचे दिवे गेले तर मागून येणाऱ्याचा जीव जातो आणि आतल्या आत वायर पेटली तर गाडी, माल आणि ड्रायव्हर तिन्ही धोक्यात येतात.

तांब्याला हिरवे का चढते?

फ्यूज ज्या चिमट्यात बसतो तो पितळेचा किंवा तांब्याचा असतो. ओल आणि हवा लागली की त्यावर हिरवट थर धरतो. समोरच्या काचेचे रबर कडक झाले की पावसाचे पाणी डॅशबोर्डच्या मागे झिरपते. गाडी धुताना पाइपचा फवारा आत जातो. खताच्या पोत्यांची वाहतूक असेल तर हा प्रकार लवकर होतो, कारण युरियासारखे खत हवेतले पाणी ओढते आणि ती खारट ओल तांबे खाते. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांचे तेच. बॅटरी जवळ असेल तर तिच्या आम्लाची वाफही भर घालते.

खरी गोम काय?

बहुतेकांचा समज असा की, काही बिघडले तर फ्यूज उडेल, मग काळजी कशाला? हा समजच घात करतो. फ्यूज उडतो तो प्रवाह वाढला तर, म्हणजे वायर बॉडीला टेकली वगैरे तर. गंजलेल्या सांध्यात प्रवाह वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. मग फ्यूज उडणार कसा?

हिशेब करून बघा. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर प्रवाह. चिमट्यातल्या गंजाने ०.२ ओहम एवढाच अडथळा आणला, तरी दीड-पावणेदोन व्होल्ट तिथेच खर्च होतात. सुमारे १५ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच ताकदीचा असतो! तो प्लास्टिकच्या डबीत तासन् तास लावून ठेवल्यासारखेच हे झाले. दिव्याचा उजेडही जवळपास ४० टक्क्यांनी घटतो. आपण म्हणतो, ‘बल्ब जुना झाला.’

कधी कधी हीच उष्णता फ्यूजलाही वितळवते. मग ड्रायव्हर मोठ्या नंबरचा फ्यूज घालतो, नाहीतर सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळतो. आता राखणदारच झोपवला! पुढे वायर टेकली की फ्यूजऐवजी वायरच जळते. मग ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी गत.

फ्यूजच्या रंगातही फसगत होते. जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये पांढरा ८, लाल १६ आणि निळा २५ अँपिअरचा असतो. नव्या पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा. तेव्हा रंग बघून नव्हे, आकडा वाचून फ्यूज घ्यावा.

दुरुस्ती कशी करावी?

सर्वांत आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. हातातले कडे, घड्याळ, अंगठी उतरवून ठेवावी. कोणती वायर कुठे जाते याचा कागदावर नकाशा काढावा, वायरींना चिकटपट्टीवर नंबर लिहून बांधावे. मोबाइलवर फोटो काढला तर अधिकच बरे.

मग एकेक फ्यूज काढून चिमटा तपासावा. नुसते हिरवे किंवा पांढरे चढले असेल तर बारीक पॉलिश पेपर किंवा पितळी ब्रशने घासावे आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्यावे. पेट्रोलने धुण्याचा उद्योग करू नये. चिमटा काळानिळा पडला असेल, त्याचा ताण गेला असेल किंवा डबीचे प्लास्टिक वितळले असेल, तर घासून उपयोग नाही. ती डबी बदलावीच.

आता वायरचे टोक सोलून बघा. आतले तांबे लालसर चकचकीत असेल तर ठीक. काळे असेल तर चकचकीत तांबे लागेपर्यंत कापत मागे जावे. हातभर मागे गेले तरी काळेच असेल तर ती वायर पूर्ण बदलावी. नवी वायर जुन्याएवढीच जाड किंवा त्याहून जाड असावी, बारीक कधीही नको. टोकाला मापाचे थिंबल घालून ते योग्य पकडीनेच दाबावे. दाताने सोलून, पिळून, वर टेप गुंडाळलेला जोड गाडीच्या हादऱ्याने सैल होतो. जोडावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवावी. शेवटी चिमट्यावर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला की ओल लागत नाही.

अर्थिंग विसरू नये. जिथे वायर बॉडीला बसते तिथला रंग आणि गंज खरवडून लोखंड उघडे करावे, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. अर्धे ‘फ्यूजचे दुखणे’ खरे तर अर्थिंगचेच निघते.

आणि हो, पाणी कुठून येते ते आधी शोधा. काचेचे रबर तसेच ठेवून नवी डबी बसवली, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. नवी डबी उभी बसवावी आणि वायरी खालून आत घ्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी डबीत न जाता खाली गळते.

काम झाले की तपासणी

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. हेडलाइट चालू करून मीटरच्या दोन सुया फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्यांना लावाव्यात. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर सांधा अजून खराब आहे. तशीच एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेला लावावी. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर वाटेत कुठेतरी गळती आहे. मीटर नसेल तर १५ मिनिटे दिवे चालू ठेवावेत, मग बंद करून डबीला हात लावून बघावा. एखादा फ्यूज चटका देण्याइतका गरम असेल तर तोच गुन्हेगार.

हेडलाइटचा भार स्विचवर न ठेवता रिलेवर घ्यावा. बॅटरीजवळ एक कटऑफ स्विच बसवून घ्यावा. धूर दिसला तर इंजिन बंद करून तो आधी पाडायचा. वायर पेटली असताना पाणी ओतू नये. कोरड्या पावडरचे अग्निशामक किंवा सुकी वाळू वापरावी.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे. पंचायतीचा पाण्याचा टँकर आणि घंटागाडी या रोज ओल्याच असतात आणि बहुधा सावलीतही नसतात. वर्षातून दोनदा, मृग लागण्याआधी आणि दिवाळीच्या आत, फ्यूजच्या डबीची तपासणी दुरुस्ती वहीत नोंदवून घ्यावी. यासाठी एखादा सकाळचा वेळ, पॉलिश पेपर आणि चार थिंबल पुरतात. जळालेल्या गाडीचा पंचनामा करायला मात्र अख्खा दिवस जातो आणि हातात काही उरत नाही.