टॉर्च निवडण्याआधी ज्योत समजून घ्या

वर्कशॉपसाठी गॅस टॉर्च घेताना पहिली चौकशी बहुतेक वेळा तापमानाची होते. ऑक्सिजनसोबत जळणारा ॲसिटिलीन सुमारे ३१०० अंश सेल्सिअस गाठतो, एलपीजी सुमारे २८००. साधं पोलाद तर १५०० अंशांच्या आसपासच वितळतं. म्हणजे आकडे पाहिले तर दोन्ही ज्योती पुरून उरायला हव्यात. तरीही एलपीजीवर पोलादी पत्र्याचं वेल्डिंग धड होत नाही. ज्योत किती तापते याच्याइतकंच ती उष्णता कुठे सोडते हेही महत्त्वाचं असतं, आणि टॉर्चची निवड त्यावरच करायला हवी.

ॲसिटिलीन पेटवला की आधी पिवळी, काजळी ओकणारी ज्योत दिसते. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडत गेलं की ती निळी होते आणि नोझलच्या तोंडाशी एक लख्ख, आखूड शंकू उभा राहतो. ही न्यूट्रल ज्योत. या शंकूत ॲसिटिलीन आणि सिलिंडरमधला ऑक्सिजन जवळपास समप्रमाणात एकत्र येतात, पण ज्वलन तिथे अर्धवटच होतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात आणि ते बाहेरच्या फिकट ज्योतीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन जळतात. सर्वांत जास्त तापमान शंकूच्या टोकापुढे, काही मिलिमीटरवर असतं. वितळलेल्या धातूभोवती या दोन वायूंचं आवरण असल्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे पोचत नाही. म्हणूनच साध्या पोलादाच्या गॅस वेल्डिंगला फ्लक्स लागत नाही. मला तर ही ज्योतीची सर्वांत सुंदर करामत वाटते.

एलपीजीतला प्रोपेन घनमीटरमागे एकूण उष्णता ॲसिटिलीनपेक्षा कितीतरी जास्त देतो. पण त्यातली बहुतेक उष्णता बाहेरच्या पसरट ज्योतीत सुटते. पत्रा सगळीकडे तापतो, वाकतो, मात्र जोडाच्या जागी नेमका वितळत नाही, आणि वितळलाच तर त्याचं ऑक्सिडीकरण होतं. शिवाय प्रोपेनला सिलिंडरमधला ऑक्सिजन जवळपास चौपट लागतो. गॅस स्वस्त पडला म्हणून खूश होणाऱ्याने ऑक्सिजनचं बिलही पाहावं.

कटिंगचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे ज्योतीने लोखंड वितळवायचं नसतं, लालबुंद करायचं असतं. मग कटरमधून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि लोखंड स्वतःच जळू लागतं. त्याचा ऑक्साइड लोखंडापेक्षा कमी तापमानाला वितळतो आणि झोताबरोबर वाहून जातो. एवढ्या कामाला एलपीजी उत्तम. ॲल्युमिनियम असं कापता येत नाही. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्यावरच्या ऑक्साइडला २००० अंशांहून जास्त लागतात.

तांब्याचे पाइप जोडणाऱ्या एसी मेकॅनिकला वितळवण्याची गरजच नसते. ब्रेझिंगमध्ये फक्त रॉड वितळतो आणि तो सांध्यात ओढला जातो. इथे पसरट ज्योत सोयीचीच, कारण पाइप चहूबाजूंनी सारखा तापायला हवा. पण तांबं साध्या पोलादाच्या सातआठ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे तेवढ्याच जाडीला मोठं नोझल घ्यावं लागतं. तांब्यासाठीचा फॉस्फरसवाला रॉड लोखंडावर वापरू नये, सांधा ठिसूळ होतो.

नोझल मोठं घेतलं की सिलिंडरकडे लक्ष द्यावं लागतं. ॲसिटिलीनच्या रेणूतल्या दोन कार्बन अणूंमधल्या तिहेरी बंधात मोठी ऊर्जा दडलेली असते. ज्योत इतकी तापते ती त्यामुळेच, आणि हा वायू धोकादायक ठरतो तोही त्यामुळेच. दाब वातावरणापेक्षा सुमारे एक बारने वाढला, की ऑक्सिजनशिवायही त्याचं स्फोटक विघटन होऊ शकतं. म्हणून डीए (डिझॉल्व्ड ॲसिटिलीन) सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरलेला असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि ॲसिटोनमध्ये वायू विरघळवलेला असतो. सिलिंडरच्या क्षमतेच्या सुमारे सातव्या भागापेक्षा जास्त गॅस तासाभरात ओढला, तर ॲसिटोनही बाहेर येऊ लागतं. छोट्या सिलिंडरवर मोठं हीटिंग नोझल लावणं म्हणूनच चुकीचं. सिलिंडर आडवं ठेवून वापरू नये, त्याचंही कारण हेच.

माझं मत स्पष्ट आहे. पातळ पत्रा आणि पोलादी पाइप वेल्ड करायचे असतील तर ॲसिटिलीनला पर्याय शोधू नका. नुसतं कटिंग आणि तापवून वाकवणं असेल तर ऑक्सिजन-एलपीजीचा कटर घ्या. टॉर्च कोणतीही घेतली तरी दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर लावाच. नोझल तुंबलं किंवा दाब कमी पडला तर ज्योत उलटी नळीत शिरू शकते, आणि तिला सिलिंडरपर्यंत जाण्यापासून अडवणारं तेच एक साधन असतं. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं.