डांबर न पडलेले रस्ते

ऑक्टोबरचा पहिला रविवार, उजाडायला अजून अवकाश. इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या गायोले गावाबाहेर ब्रोलियोच्या गढीकडे एक कच्ची वाट चढत जाते. त्या पहाटे तिच्या दोन्ही कडांना मिणमिणते दिवे ओळीने मांडलेले असतात. उंच सायप्रसच्या झाडांखालून एकामागून एक सायकली वर सरकतात. चाकांखाली करकरणारी खडी आणि चढाने फुललेले श्वास, एवढाच काय तो आवाज. अंगात जुन्या पद्धतीच्या लोकरी जर्सी, खाली पोलादी सांगाड्याच्या सायकली, त्याही 1987 पूर्वीच्या. गियरच्या दांड्या खालच्या नळीवर आणि ब्रेकच्या तारा हँडलवरून मोकळ्या आलेल्या हव्यात, असा इथला नियम आहे. या सोहळ्याचं नाव ‘एरोइका’.

आज हजारोंच्या संख्येने लोक इथे येतात. 1997 साली पहिल्या वेळी आले होते 92. जानकार्लो ब्रोच्ची या गायोलेच्याच माणसाच्या डोक्यातली ही कल्पना. फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली या सायकलपटूंच्या काळातली, धुळीने माखलेली सायकलिंगची दुनिया त्याला पुन्हा जागवायची होती. पण हेतू तेवढाच नव्हता. त्याच्या भागातले ‘स्त्रादे बिआंके’, म्हणजे पांढरे रस्ते, एकेक करून डांबराखाली जात होते. त्यांच्यावर माणसं येत राहिली तर ते टिकतील, हा त्याचा साधा हिशेब होता.

हे रस्ते मुळात होते कशासाठी, हे कळल्याशिवाय त्या हिशेबाचं मोल कळत नाही. टस्कनीत शतकानुशतकं ‘मेझाद्रिया’ पद्धतीने शेती चाले. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच ती: जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. कुळाचं कुटुंब कसायच्या जमिनीवरच राहायचं, म्हणून गावापासून दूर, टेकडीटेकडीवर एकेकटी दगडी घरं उभी राहिली. घरापासून घाण्यापर्यंत, चर्चपर्यंत, मालकाच्या गढीपर्यंत बैलगाडी जाईल अशा वाटा पडल्या. शेताशेतांतून निघालेला दगड फोडून त्यांच्यावर पसरला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण शहरांकडे आणि कारखान्यांकडे गेले, 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि टेकड्यांवरची घरं ओस पडली. रस्ते उरले, पण त्यांच्यावरून जायला कोणी उरलं नाही. जी माणसं मागे राहिली त्यांना चिखलातून सुटका हवी होती. त्यांनी डांबर मागितलं यात त्यांची काहीच चूक नव्हती.

अशा वेळी सायकलवाले आले.

वाटेचा रंगही पाहण्यासारखा आहे. गायोलेभोवतीच्या किआन्ती भागातल्या टेकड्यांत ‘अल्बेरेझे’ हा चुनखडीचा दगड आणि ‘गालेस्त्रो’ ही पापुद्र्यांसारखी सुटणारी माती सापडते. ज्या जमिनीत सांजोवेझे या काळ्या द्राक्षाच्या वेली मुळं रोवतात, तिचाच चुरा रस्त्यावरही असतो. उन्हाळ्यात तिचा पांढरा फुफाटा उडतो आणि कडेच्या वेलींच्या पानांवर बसतो. सिएना शहराच्या दक्षिणेला मात्र देखावा पार पालटतो. 25 ते 50 लाख वर्षांपूर्वी इथे समुद्राचा तळ होता. त्या तळाची राखाडी चिकणमाती आता ‘क्रेते सेनेझी’ या बोडक्या, लाटांसारख्या टेकड्यांच्या रूपाने पसरली आहे. इथे मळे संपतात आणि गव्हाची शेतं लागतात. सावलीला झाड शोधावं लागतं.

या दोन्ही मुलखांना नद्या जोडतात. आर्बिया किआन्तीत उगम पावते आणि सिएनाला उजवीकडे ठेवून दक्षिणेला उतरते. तिच्याच काठी 1260 साली मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा पराभव केला. पुढे बुओनकोन्वेन्तो या तटबंदीच्या छोट्या गावाशी ती ओम्ब्रोनेला मिळते. ओम्ब्रोनेही आशानोवरून, तशाच मातकट टेकड्यांतून वाट काढत आलेली असते. पवित्र रोमन सम्राट सातवा हेन्री 1313 साली याच बुओनकोन्वेन्तोत वारला. आज तिथे थांबणारा सायकलस्वार बाटलीत पाणी भरतो आणि पुढे मोन्ताल्चिनोचा चढ किती उरला, ते नकाशात बघतो.

एरोइकाचा मोठा मार्ग 209 किलोमीटरचा. त्यातला निम्मा तरी कच्चा, आणि एकूण चढ साडेतीन हजार मीटरच्या वर. हा मार्ग पाट्या लावून वर्षभर खुला ठेवलेला आहे. एका दिवसात तो पुरा करायचा हट्ट शर्यतवाल्यांनी करावा. बाकीच्यांनी तीन-चार दिवस घेतले तर गावं तरी दिसतात. एप्रिल-मे हा एक चांगला काळ. दुसरा सप्टेंबरचा, तेव्हा मळ्यांत द्राक्षतोडणी चालू असते.

जुनी सायकल फक्त सोहळ्याच्या दिवशी लागते. एरवी या वाटांवर ग्रॅव्हल बाइक सर्वांत सोयीची. दुरून ती शर्यतीच्या सायकलसारखीच दिसते, वाकवलेलं हँडलही तसंच. फरक असतो टायरमध्ये. डांबरावर 25 ते 28 मिलिमीटर रुंदीचं टायर टणक फुगवून चालवतात. ग्रॅव्हलचं टायर 40 मिलिमीटरच्या आसपास असतं आणि त्यात हवा निम्म्याहूनही कमी. हवा कमी तर वेग कमी, असं वाटणं साहजिक आहे. खडबडीत वाटेवर मात्र उलटं घडतं. टणक टायर प्रत्येक खड्यावर उसळतं, सायकल आणि माणूस दोघांनाही वर उचलतं आणि ती ताकद वाया जाते. मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे जातं. बहुतेकजण ट्यूब काढून टाकतात आणि टायरमध्ये चीक भरतात. काटा घुसला तर तो चीक भोक आपोआप बुजवतो. सोबत डिस्क ब्रेक आणि खूप हलके गियर हवेतच, कारण टस्कनीतला चढ लांबीला छोटा पण छातीवर येणारा असतो.

हौशी लोकांच्या या सोहळ्यातून व्यावसायिक शर्यत जन्मली, हे सायकलिंगच्या इतिहासात फार क्वचित घडलं आहे. 9 ऑक्टोबर 2007 रोजी गायोलेहून निघालेली पहिली शर्यत रशियाच्या अलेक्झांडर कोलोब्नेव्हने जिंकली. पुढच्या वर्षीपासून ती मार्चमध्ये होऊ लागली आणि कालांतराने ‘स्त्रादे बिआंके’ हेच तिचं नाव झालं. 2015 पासून स्त्रियांचीही शर्यत होते. स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेलाराने पुरुषांची शर्यत 2008, 2012 आणि 2016 अशी तीनदा जिंकली, म्हणून मोन्ते सान्ते मारीए या साडेअकरा किलोमीटरच्या खडतर तुकड्याला त्याचं नाव दिलं आहे. याच तुकड्यावर 2024 साली तादेय पोगाचार सगळ्यांना सोडून निघाला आणि शेवटचे सुमारे 80 किलोमीटर एकटाच पुढे होता.

तरी या मातीची खरी ओळख पटली ती 15 मे 2010 रोजी, जिरो द’इतालिया या अनेक टप्प्यांच्या शर्यतीच्या मोन्ताल्चिनोत संपणाऱ्या टप्प्यात. त्या दिवशी पाऊस होता. पांढऱ्या धुळीचा राखाडी राडा झाला आणि कोण कुठल्या संघाचा ते कळेनासं झालं. टप्पा जिंकणारा केडेल इव्हान्स विश्वविजेता होता, पण त्याच्या जर्सीवरचे विश्वविजेतेपदाचे इंद्रधनुषी पट्टे चिखलाखाली जवळजवळ दिसेनासे झाले होते. टस्कनीच्या कुळांनी डांबर का मागितलं, हे त्या दिवशीची छायाचित्रं पाहिली की पटतं.

एरोइकाच्या वाटेवरचं खाणंही त्या कुळांच्याच घरचं. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि काळसर पानांची कोबीवर्गातली भाजी यांचं दाट कालवण, आदल्या दिवशीचं पुन्हा उकळलेलं. उरलेल्या भाकरीचा कुस्करा करणाऱ्या घरांना त्याची चव वेगळी समजवावी लागणार नाही. वाइनमध्ये भिजवून वर साखर भुरभुरलेला पावही मिळतो. शेतातल्या पोरांचा तो जुना खाऊ.

आणि गढीची गोष्ट राहिलीच. ब्रोलियो 1141 पासून रिकासोली घराण्याकडे आहे. त्यातलाच बेत्तिनो रिकासोली एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला. त्यानेच 1872 साली पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्र लिहून किआन्ती वाइनचा मेळ सांगितला, त्यात सांजोवेझेला पहिलं स्थान होतं. ते द्राक्ष आता सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या परिसरातही पिकतं. अकलूजचे मोहिते-पाटील आणि इटलीचे सेच्ची बंधू ज्या ‘फ्रातेल्ली’ वाइन कंपनीत भागीदार झाले, तिथे पिएरो मासी या टस्कनीच्याच जाणकाराने ते रुजवलं आणि काबर्ने सोव्हिन्योंशी मिसळून ‘सेत्ते’ ही वाइन घडवली.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी ब्रोलियोच्या उतारावर उजेड होतो तेव्हा दिवे विझत आलेले असतात. हंगाम लांबला असेल तर मळ्यांत तोडणी अजून चालू असते. क्रेट भरलेला ट्रॅक्टर समोरून आला की सायकली कडेच्या गवतात उतरतात, धूळ खाली बसू देतात आणि पुन्हा वाटेला लागतात.