वाफसा आणि चाकाचे ओझे

चांगली जमीन म्हणजे निम्मी माती आणि निम्मी पोकळी. पोकळीतल्या बारीक छिद्रांत पाणी टिकते. मोठ्या छिद्रांतून हवा खेळते, पाऊस मुरतो, मुळे वाट काढतात. मातीच्या कणांची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.६५ ग्रॅम असते. एक घनसेंटिमीटर कोरडी माती १.३ ग्रॅम भरली, तर तिच्यात ५१ टक्के पोकळी आहे, असा हिशोब निघतो. तीच दबून १.६ ग्रॅम भरू लागली, की पोकळी ४० टक्क्यांवर येते. घट थोडी वाटते. पण आधी मोडतात ती मोठी छिद्रे. म्हणून खरे नुकसान हवेचे आणि निचऱ्याचे होते.

माती दबते कशी? वरच्या थरावरचा दाब मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर ठरतो. तो किती खोल पोचेल, हे मात्र चाकावरच्या एकूण ओझ्यावर. त्यामुळे रुंद टायर लावले तरी उसाने भरलेली ट्रॉली खालची माती दाबतेच. वरची माती नांगराने मोकळी होते, खालची तशीच राहते. शिवाय दरवर्षी एकाच खोलीवर नांगरले, तर फाळाच्या घासण्याने आणि तासातून चालणाऱ्या चाकाने नांगरटीच्या तळाशी घट्ट थर बसतो. मुळे तिथे आडवी वळतात.

भातखाचरात चिखलणी करून असाच थर मुद्दाम बसवतात, कारण तिथे पाणी साठवायचे असते. भातामागून कडधान्य पेरले, की तोच थर आड येतो.

ओल्या मातीत पाणी कणांमध्ये वंगणासारखे काम करते; ती सहज दबते. म्हणून पावसानंतर वाफशाची वाट पाहण्याची जुनी रीत आम्हांला पूर्ण शास्त्रीय वाटते. नांगराच्या खोलीवरची माती घेऊन लाडू वळावा. बोटाने दाबल्यावर तो फुटला, तर वाफसा आला. नुसता चेपला, तर थांबावे. भाड्याचा ट्रॅक्टर बांधावर उभा असताना थांबणे जड जाते, हे आम्ही जाणतो. पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळून थोडीफार मोकळी होत असली, तरी खोलवरचा घट्टपणा वर्षानुवर्षे टिकतो.

वर्गासाठी प्रयोग: दोन सारखे डबे दोन्ही बाजूंनी उघडे करा. एक चाकोरीत, दुसरा पिकाच्या ओळीत बोटभर खोल रोवा. दोन्हींत पेलाभर पाणी ओतून ते मुरायला लागणारा वेळ मोजा. कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.