पगाराच्या पाकिटात न मावणारे



पगार झाला की आपल्या घराघरांत हिशोब मांडला जातो. किराणा, मुलांची फी, भिशी, गावी पाठवायचे पैसे. एक गोष्ट मात्र त्या वहीत कधी लिहिली जात नाही. महिनाभरात साहेबांनी आपल्याला माणूस म्हणून किती वेळा हाक मारली?

मी ज्या कार्यालयात कारकून आहे, तेथे एक शिपाईमामा होते. वयाने सगळ्यांत मोठे, पण हाक 'ए' अशीच. मग एक नवे साहेब आले. त्यांनी नावापुढे 'राव' लावले आणि म्हणाले, "रेकॉर्ड रूम आता तुमच्या ताब्यात. कशी लावायची ते तुम्हीच ठरवा." दोन महिन्यांत जुन्या फायली वर्षवार लागल्या. पगार एका पैशाने वाढला नव्हता. पुढे साहेबांची बदली झाली, 'ए' परत आले आणि फायलींवर धूळही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर व हिशोबनिसांना त्यांच्या कामाविषयी विचारले होते. तो अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे असे की, पगार कमी असला तर माणूस नाराज होतो. पण मन लावून काम करायला कौतुक, जबाबदारी आणि स्वतः काही केल्याचे समाधान लागते.

आपल्या माणसांना हे आधीच कळले होते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पंधरा तारखेच्या आत पगार, जखमी कामगाराला मदत. मजुरीवाढीचे कलम त्यांत नव्हते! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार आज लोखंड्यांच्याच नावाने दिला जातो.

आणि उलट बाजू? १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पद होते, पगार होता. पण शिपाई लांबूनच फायली टाकत आणि कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. शहरात राहायला जागाही मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. तेव्हा पगार दिला म्हणजे सगळे दिले, असे आपल्याला तरी कोणी सांगू नये.

मात्र सावध राहा. काही मालकांना हा विचार फार आवडतो, कारण तो स्वस्त पडतो. पगारवाढ मागितली की 'महिन्याचा उत्तम कामगार' म्हणून फोटो लावायचा आणि टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांवर चूल पेटत नाही. हर्झबर्गनेही पगार सोडा असे कुठे म्हटलेले नाही. आधी पोटाचे, मग सन्मानाचे. पण दोन्ही हवे.

वाळूज, चिकलठाण्याला जाणाऱ्या बंधू-भगिनींनो, पुढच्या गेट मीटिंगला बोनसच्या मागणीखाली आणखी तीन ओळी लिहा. कंत्राटी कामगारालाही त्याच कँटीनमध्ये, त्याच टेबलावर जेवण. सुपरवायझरने हाक नंबराने नव्हे, नावाने मारावी. आणि कामगाराने सुचवलेली सुधारणा मशीनवर लागू झाली, तर नोटीस बोर्डावर नाव त्याचेच यावे, साहेबांचे नव्हे.