दिवस-रात्रीचा मीटर चुकतो तेव्हा

ब्रिटनमध्ये १९७८ पासून चालत आलेल्या ‘इकॉनॉमी सेव्हन’ दरात रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. दिवसाची मात्र साध्या दरापेक्षा महाग पडते. त्यासाठी मीटर दोन आकडे वेगळे नोंदवतो. बिघाड मोजणीतच असतो असे नाही. घड्याळ मागेपुढे सरकते, किंवा दर पालटण्याचा इशाराच पोहोचत नाही. अनेक जुन्या मीटरना हा इशारा बीबीसीच्या लाँगवेव्ह प्रक्षेपणातून मिळे. ती सेवा जून २०२५ अखेरपासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. कधी मीटर ठणठणीत असतो, पण बिलावर दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. रात्री हीटर तापवून ठेवणाऱ्या घराला ही चूक सर्वांत महागात पडते.

तपासणी सोपी आहे. भरदुपारी दोन्ही आकडे टिपून दोन किलोवॉटचा हीटर तासभर अखंड चालवावा. दिवसाचा आकडा निदान दोन युनिटने वाढला पाहिजे, रात्रीचा जागचा हलता कामा नये. मध्यरात्रीनंतर हेच उलट करून पाहावे. उन्हाळ्यात तासाचा फरक धरावा, कारण अनेक मीटर ग्रीनिच वेळेवरच चालतात. मीटरचे सील तोडू नये.

आकड्यांचे फोटो जोडून पुरवठादाराकडे लेखी तक्रार करावी. आठ आठवड्यांत ती मिटली नाही, तर ऊर्जा लोकपालाकडे जाता येते. चूक पुरवठादाराची असल्यास बारा महिन्यांपूर्वीच्या विजेची थकबाकी त्याला सहसा मागता येत नाही.