टोकियोत छापलेला इंग्रजी कोश

१९४२ साल. सिंगापूर जपानच्या ताब्यात गेले होते आणि ब्रिटन-जपान युद्ध पेटले होते. त्याच वर्षी टोकियोतल्या कैताकुशा या प्रकाशनसंस्थेने एक जाडजूड इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश बाजारात आणला. भाषा शत्रूची आणि कोशकारही शत्रुराष्ट्राचे: अल्बर्ट सिडनी हॉर्नबी, ई. व्ही. गेटन्बी आणि एच. वेकफील्ड. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर हॉर्नबींना जपानने स्थानबद्ध केले आणि १९४२ मध्ये मायदेशी पाठवले. ‘इडियमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी’ असे लांबलचक नाव असलेला हा कोश युद्धानंतर, १९४८ मध्ये, ऑक्सफर्डने पानांची छायाचित्रे घेऊन जसाच्या तसा पुन्हा छापला. पुढे त्याच्या नावात ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ हे शब्द आले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आज मिळणारी ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाने या कोशाची जन्मकथा ऐकावी, कारण नवा शब्द अंगवळणी पडतो तो कशाने, याचे सर्वांत सरळ उत्तर तिच्यात सापडते: उदाहरणाच्या वाक्याने.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ चा. त्यात सुमारे ४२,००० शब्द आणि त्यांच्या सोबतीला लाखाहून अधिक साहित्यिक अवतरणे होती. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली आकाराला आलेल्या ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम १९२८ मध्ये पुरे झाले. आपल्याकडे मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. हे सारे डोंगराएवढे काम, पण परकी भाषा शिकणाऱ्यासाठी जॉन्सन किंवा मरे यांनी लिहिले नव्हते. जॉन्सन यांनी ‘नेटवर्क’ या साध्या शब्दाची व्याख्या करताना ‘रेटिक्युलेटेड’ आणि ‘डेकसेटेड’ असे शब्द वापरले. म्हणजे एका शब्दाचा अर्थ पाहायला गेलेला विद्यार्थी आणखी दोन शब्दांवर अडून बसणार.

ही अडचण नीट सोडवण्याची सुरुवात झाली ती तेव्हाच्या ब्रिटिश भारतात. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना त्यांच्या लक्षात आले, की पुस्तकातला प्रत्येक नवा शब्द मोजूनमापून आणायला हवा. १९३५ मध्ये त्यांनी जे. जी. एंडिकॉट यांच्यासोबत एक कोश केला. त्यात सुमारे १८,००० शब्द आणि ६,००० वाक्प्रचार होते आणि त्या सगळ्यांच्या व्याख्या अवघ्या १,४९० शब्दांत बसवल्या होत्या. कोणताही अवघड शब्द फोडून सांगायचा, तर या ठरलेल्या शब्दांबाहेर पाऊल टाकायचे नाही. १९७८ च्या लाँगमन कोशाने सुमारे २,००० शब्दांची मर्यादा पाळली ती याच वाटेने जाऊन.

पण सोपी व्याख्या मिळाली तरी शब्द वापरता येतो का? येत नाही. ‘मिटिगेट’ म्हणजे तीव्रता कमी करणे, हे पाठ करून विद्यार्थी बिनदिक्कत लिहितो, ‘द टी मिटिगेटेड माय हंगर’. व्याख्येत बसणारे हे वाक्य इंग्रजी कानाला खटकते. ‘ट्रीज कॅन मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ फ्लडिंग’ हे वाक्य वाचले, की हा शब्द धोका, हानी, दुष्परिणाम यांच्या संगतीत राहतो हे न सांगता कळते.

हॉर्नबींचे मोठेपण इथे आहे. चेस्टरमध्ये १८९८ साली जन्मलेले हे गृहस्थ विशीच्या उत्तरार्धात जपानला गेले. क्यूशू बेटावरच्या ओइता गावी इंग्रजी साहित्य शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. समोरच्या मुलांना साहित्याआधी भाषा हवी आहे, हे त्यांना लवकरच उमगले. टोकियोत हॅरल्ड पामर यांनी १९२३ पासून इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची संस्था चालवली होती. हॉर्नबी तिच्या कामात ओढले गेले आणि १९३६ मध्ये पामर इंग्लंडला परतल्यावर ते काम त्यांनी पुढे नेले.

पामर आणि हॉर्नबी यांचा ध्यास होता क्रियापदांचा. कोणत्या क्रियापदामागे काय येते, याचे त्यांनी आराखडे मांडले. हॉर्नबींच्या कोशात असे २५ आराखडे आहेत आणि क्रियापदाच्या अर्थाशेजारी त्याच्या आराखड्याचा क्रमांक. मराठी माणसाला याचे मोल चटकन कळावे. आपण ‘त्याने मला समजावले’ म्हणतो, म्हणून ‘ही एक्सप्लेन्ड मी द रूल’ लिहून बसतो. ‘त्याविषयी चर्चा केली’ म्हणतो, म्हणून ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ चिकटवतो. या चुका अर्थ ठाऊक नसल्याच्या नव्हेत, शब्दाची चाल ठाऊक नसल्याच्या आहेत. ‘ही एक्सप्लेन्ड द रूल टु मी’ हे एक वाक्य ती चाल दाखवून देते. हॉर्नबींनी नामांनाही मोजता येणारी आणि न येणारी अशा खुणा केल्या. ‘फर्निचर्स’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ लिहिणाऱ्या हातांना या खुणांनी वेळीच रोखले.

त्यांची उदाहरणे साधी असत. घर, शाळा, प्रवास, पाऊस, आजारपण. वाक्य छोटे, आणि त्यात शिकायचा शब्द सोडून दुसरे काहीच अवघड नाही. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्ये घोकून इंग्रजी शिकल्या. त्या घोकंपट्टीची चेष्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की आख्खे वाक्य तोंडात बसवण्यामागचे शहाणपण त्यात होतेच.

१९८७ मध्ये बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांनी ‘कोबिल्ड’ कोश काढला आणि वादाला तोंड फुटले. सिंक्लेअर यांचे म्हणणे, कोशकाराने वाक्ये रचूच नयेत. संगणकात साठवलेल्या लक्षावधी शब्दांच्या खऱ्या मजकुरातून ती उचलावीत. त्यांनी व्याख्याही पूर्ण वाक्यात दिल्या, म्हणजे व्याख्या वाचतानाच शब्द वापरात दिसतो. त्यांची एक नोंद तर विलक्षण आहे: ‘सेट इन’ हे क्रियापद बहुतेक वेळा नकोशा गोष्टींबरोबर येते. कुजणे, निराशा, खराब हवा ‘सेट इन’ होतात. आनंद सहसा होत नाही. हे एका माणसाच्या स्मरणातून निघाले नसते, हजारो वाक्ये शेजारीशेजारी ठेवल्यावरच दिसले.

तरीही नवख्याचा प्रश्न उरतो. वर्तमानपत्रातून उचललेल्या वाक्यात मागचेपुढचे संदर्भ लोंबकळत असतात, अनोळखी नावे असतात. शोधासाठी सिंक्लेअर आणि शिकण्यासाठी हॉर्नबी, असाच कौल द्यावा लागतो.

आज अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षांची मुले नॉर्मन लुईस यांचे १९४९ चे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ घेऊन बसतात. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरही ते पुस्तक हटकून दिसते. लॅटिन-ग्रीक धातूंवरून शब्दांची कुटुंबे उलगडणारे ते पुस्तक गोडी लावते, यात शंका नाही. मात्र त्याखेरीज फिरणाऱ्या हजार-दोन हजार शब्दांच्या याद्या, डावीकडे शब्द आणि उजवीकडे एका शब्दात अर्थ, यांचा उपयोग परीक्षेच्या दालनापुरता.

शब्द निवडतानाही तारतम्य हवे. कादंबरी किंवा वर्तमानपत्र न अडखळता वाचायला साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे (म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे) लागतात, असा न्यूझीलंडचे संशोधक पॉल नेशन यांचा हिशेब आहे. त्यांच्याच देशातल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ५७० शब्दकुटुंबांची एक यादी केली. विद्यापीठीय लेखनातला सुमारे दहावा हिस्सा तीच व्यापतात. दुर्मीळ, दिपवणाऱ्या शब्दांमागे धावण्याआधी ही ५७० हाताशी असावीत.

हॉर्नबींनी आपल्या मानधनाचा मोठा वाटा १९६१ मध्ये एका न्यासाला दिला. परदेशांतल्या इंग्रजी शिक्षकांना पुढच्या शिक्षणासाठी त्याची मदत आजही मिळते. त्यांच्या कोशाची दहावी आवृत्ती २०२० मध्ये निघाली. ती परवडत नसेल तर जुन्या बाजारातली एखादी आवृत्ती घ्या. रोज पाचच शब्द काढा, व्याख्या एकदा वाचा, उदाहरणाचे वाक्य मोठ्याने दोनदा म्हणा, आणि मग त्याच चालीवर आपल्या घरातले, गावातले, कामावरचे एक वाक्य वहीत लिहा. वही इंग्रजी जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. तपासून घेतल्याशिवाय पुढचे पाच शब्द घेऊ नका.