साडेतीन इंच बाय दोन इंच : व्हिजिटिंग कार्डाचा अभ्यास

उपयोजित कला, म्हणजे जाहिरात, वेष्टन, पुस्तक, फलक अशा व्यवहारातील कामांसाठी योजली जाणारी कला, शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जे प्रकल्प येतात त्यांत व्हिजिटिंग कार्डाचा प्रकल्प आकाराने सर्वांत लहान असतो आणि बहुधा त्यामुळेच तो सर्वांत घाईने उरकला जातो. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. या परंपरेतील अभ्यासक्रमांत लेटरहेड, पाकीट आणि कार्ड असा संच करून घेण्याची पद्धत रूढ आहे. या तिघांत खरी कसोटी कार्डाचीच, कारण लेटरहेडवर चुकलेली मांडणी मोकळ्या कागदात झाकली जाते, साडेतीन इंच बाय दोन इंचांत मात्र ती लपवायला जागाच उरत नाही.

सांगली आणि मिरज यांच्या मधोमध वसलेल्या विश्रामबागेसारख्या वस्तीत या प्रकल्पाला विषयांची वाण पडण्याचे कारण नाही. विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) आणि पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेले अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) यांच्यामुळे हा भाग शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा झाला. एका बाजूला सांगलीची हळदपेठ आहे, तर दुसऱ्या बाजूला मिरजेचे दवाखाने आणि सतार-तंबोरे घडवणाऱ्यांची घराणी. हळदीच्या अडत्याच्या कार्डावर पेढीचे नाव, गाळा नंबर आणि भागीदारांचे दोन-तीन मोबाइल नंबर बसवावे लागतात, डॉक्टरांच्या कार्डावर पदव्या, नोंदणी क्रमांक आणि वेळा लागतात, तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतारीच्या कारागिराला एक नाव, एक पत्ता आणि भोवती भरपूर मोकळा कागद एवढेच पुरते. गिऱ्हाईक पाहून मजकुराची उतरंड ठरवणे, म्हणजे आधी काय वाचले जावे, मग काय आणि शेवटी काय हे निश्चित करणे, ही या प्रकल्पाची पहिली पायरी; रंग आणि बोधचिन्ह त्यानंतर येतात.

कलाशिक्षण आणि धंद्याची ओळख यांची सांगड घालण्याचा मोठा दाखला याच जिल्ह्यात आहे. १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखन शिकवत होते, आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. लोखंडी नांगर विकायचा तर तो शेतकऱ्याला त्याच्या भाषेत आणि नजरेत भरेल अशा रूपात दाखवावा लागतो, ही जाण किर्लोस्करांच्या कारखान्याला होती. आजच्या विद्यार्थ्यांनी परदेशी नमुन्यांचे संग्रह चाळण्याआधी हा वारसा पाहायला हवा.

प्रकल्पाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे देवनागरी अक्षर. १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी आणि त्यांच्यासाठी अक्षरांचे साचे कोरणारे राणोजी रावजी आरू यांनी धातूच्या खिळ्यांत जी सफाई आणली, तिचे मोल लहान आकारात कळते. रोमन अक्षरांच्या ओळी एकमेकींजवळ आणता येतात. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार येत असल्याने तोच हिशेब लावला तर वरच्या ओळीतला ‘कु’ खालच्या ओळीतल्या ‘र्की’ला भिडतो. ‘विश्रामबाग, सांगली’ हा पत्ता सात पॉइंटात छापून पाहावा: ‘श्र’मधली गाठ भरून जाते का आणि ‘सां’वरचा अनुस्वार सुटा दिसतो का, एवढ्यावरूनच निवडलेला फाँट कार्डाच्या कामाचा आहे की नाही हे ठरते. र. कृ. जोशी यांनी केलेला ‘मंगल’ पडद्यावरच्या वाचनासाठी होता; आज ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्त’ अनेक वजनांत, म्हणजे बारीक ते ठळक अशा जाडीच्या पायऱ्यांत, विनामूल्य मिळतो, तेव्हा मराठी कार्डासाठी अक्षरे नाहीत ही सबब आता चालणार नाही.

यानंतरचे शिक्षण छापखान्यात होते. पार्श्वभूमीचा रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कापाच्या रेषेबाहेर सुमारे तीन मिलिमीटर वाढवावा लागतो, त्याला ब्लीड म्हणतात, कारण कटिंग मशिनचे पाते केसभर सरकले तरी पांढरी कड दिसू नये. १३ बाय १९ इंचांच्या शीटवर पांढऱ्या पार्श्वभूमीची ३० कार्डे एकमेकांना चिकटून बसतात, ब्लीड धरले की २५च बसतात. संगणकावर केवळ शोभेसाठी घेतलेला निर्णय इथे कागदाच्या खर्चात उतरतो. बारीक काळा मजकूर चारही शाया मिसळून छापला आणि प्लेटा किंचित सरकल्या, तर शिरोरेषेला निळी-तांबडी किनार उमटते, म्हणून तो निव्वळ काळ्या शाईतच ठेवायचा असतो. कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरच्या ग्रॅम वजनात, सांगतात. ३०० जीएसएमचे कार्ड हातात ताठ राहते, मात्र त्यावर चकचकीत लॅमिनेशन चढवले की पेनाने नंबर लिहून देण्याची सोय जाते, आणि बाजारपेठेत तर कार्डाची मागची बाजू रोज याच कामाला येते.

कार्डाचे गुण अनेकदा पडद्यावरच्या सादरीकरणावरून दिले जातात, जिथे ते संगमरवरी टेबलावर तिरपे ठेवलेले आणि खऱ्या आकाराच्या कित्येक पट मोठे दिसते. त्या चित्रावरून सात पॉइंटाच्या अक्षराची परीक्षा होऊ शकत नाही. शिक्षकांनी निदान एक कार्ड पूर्ण मराठीत, जवळच्या खऱ्या दुकानासाठी किंवा दवाखान्यासाठी करून घ्यावे, ते छापून आणि कापून आणायला सांगावे, आणि दुकानदाराने ते हातात घेऊन वाचल्यावरच गुण द्यावेत.